नारिंगीवाले काठावर

शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव काहीही असो, घरात तिला सगळे मोठी म्हणत. म्हणत तेवढंच. ताटं उचलायची वेळ आली की "तू मोठी ना गं?" आणि धाकट्यांची भांडणं सोडवायची असली की "मोठीने समजून घ्यावं." पण आत्याने कापडाचा तागा उलगडला रे उलगडला, की मोठीची रवानगी पुन्हा लहानांत. तेरा वर्षांच्या माणसाने हे किती दिवस ऐकून घ्यायचं?

दर सुट्टीत सगळी भावंडं आत्याकडे जमत आणि एक दिवस तळ्यावर सहल निघे. आत्या शाळांचे गणवेश शिवायची, तिचे यजमान, म्हणजे मुलांचे काका, शाळेची बस चालवायचे, आणि आत्याचा धाकटा भाऊ, म्हणजे मोठीचे बाबा, एका शाळेचे मुख्याध्यापक होते. थोडक्यात, या घराण्याच्या रक्तातच गणवेश होता. कधीकाळी एका सहलीत कुणीतरी पोर हरवलं होतं म्हणे, तेव्हापासून आत्याने नियमच करून टाकला. सहलीला सगळ्या पोरांचे शर्ट एकाच ताग्यातले, आणि तागाही असा भडक की तळ्याच्या पलीकडून दिसला पाहिजे. यंदाचा तागा नारिंगी होता. त्यावर पांढरी बदकं होती, आणि प्रत्येक बदक हसत होतं.

शर्टाचं एक वेळ सोडा. खरा जाच पुढेच होता. आत्याचा हुकूम असे, "नारिंगीवाले काठावर!" (गेल्या वर्षी "पोपटीवाले काठावर" होतं, त्याआधी काय होतं ते मोठीला आठवायचंही नव्हतं.) शर्टवाल्यांनी वाळूत खेळायचं, बदकांना पाव घालायचा आणि वल्ह्याच्या होडीकडे लांबून बघायचं. होडीत बसायची ती मोठी माणसं. आत्याचा मुलगा, दादा, गेल्याच वर्षी शर्टातून सुटला होता. त्याला मिशी फुटली म्हणून आत्याने कापड वाचवलं. तेव्हापासून तो वल्हं मारतानाचा हात असा काही हवेत फिरवून दाखवायचा, की मोठीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला मिशी फुटायची वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं. यंदा ती वल्हं हातात घेणार म्हणजे घेणारच होती.

संधी आपल्या पायाने चालत आली. सुट्टी लागायच्या आधी आत्याचा मापांसाठी फोन आला. आईचे हात पिठात होते. ती म्हणाली, "तूच टेप घे आणि सांग तिला तुझं माप." मोठीने टेप घेतली. समोर इस्त्रीच्या ढिगात सगळ्यात वर बाबांचा पांढरा शर्ट होता. तिने त्याची छाती मोजली, खांदा मोजला, बाही मोजली, आणि अगदी साळसूद आवाजात फोनवर सांगून टाकलं, "छाती बेचाळीस."

पलीकडे क्षणभर मशीन थांबलं.

"बेचाळीस?" आत्या म्हणाली.

"हो. यंदा मी खूप वाढलेय."

"असं होय," आत्या म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

सहलीच्या सकाळी आत्याने गठ्ठा सोडला. एकेका पोराच्या अंगावर नारिंगी शर्ट चढला. मग मोठीचा उलगडला. तो उलगडतच गेला. धाकट्यांपैकी दोघं एका वेळी त्याच्यात शिरली आणि वरून तिसऱ्याने डोकं बाहेर काढलं. सगळं घर हसून लोळलं.

"अरेरे," मोठी म्हणाली. आरशासमोर ती हे 'अरेरे' चार दिवस घोटत होती. "आता गं आत्या? मला काही बसत नाही हा. मी आपली आईचा निळा शर्ट घालते. यंदा मोठ्यांतच बसते मग, काय करणार?"

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग तिने मान वळवली ती थेट खिडकीपाशी पेपर वाचणाऱ्या बाबांकडे.

"बाळ्या, इकडे ये."

बाबा शाळेच्या व्हरांड्यातून नुसते चालत गेले तरी वर्गच्या वर्ग चिडीचूप व्हायचे. त्यांच्या शर्टाला कधी चुणी पडलेली कुणी पाहिली नव्हती. पण आत्या त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी होती आणि तिनेच त्यांना नाक शिंकरायला शिकवलं होतं. बाबा उठून आले.

"ताई, मी? बदकं?"

"एवढं कापड काय वाया घालवायचं? हात वर कर."

शर्ट बाबांना असा बसला, की जणू त्यांच्यासाठीच बेतला होता. बाबांचा डावा खांदा किंचित उतरता आहे. शर्टाचाही डावा खांदा तसाच उतरता होता. हे आईच्या लक्षात आलं आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. मोठीच्या मात्र काही लक्षात आलं नाही. ती हवेत होती.

"आता नियम म्हणजे नियम," आत्या म्हणाली. "नारिंगीवाले व्हॅनमध्ये, नारिंगीवाले काठावर. बाळ्या, तूसुद्धा."

तर अशी वरात निघाली. पुढच्या गाडीत मोठी माणसं. मागे काकांची व्हॅन, तिच्यात सहा पोरं आणि एक मुख्याध्यापक. मोठी पुढच्या गाडीत, आई आणि आईबरोबर आलेल्या मावशीच्या मधे बसली. तिथे गुडघेदुखीवर चर्चा चालली होती. मागच्या व्हॅनमधून गाण्यांचा आणि किंचाळण्याचा आवाज येत होता. त्यात एक आवाज बाबांचा होता. मोठीने दोनदा मागे वळून पाहिलं आणि मग गुडघ्यांवर लक्ष केंद्रित केलं.

होडी मात्र मिळाली. दादाने कुरकुर करत एक वल्हं तिच्या हाती दिलं. तिने ते सगळा जीव लावून मारलं आणि होडी जागच्या जागी गिरकी घ्यायला लागली. दादा ओरडला, "अगं, उलटं! उलटं!" तळहाताला फोड आला, पाणी दादाच्या तोंडावर उडालं, आणि मोठी इतकी खूश झाली की तिला ओरडावंसं वाटलं. तिने काठाकडे बघून हात केला. काठावर कुणालाच वेळ नव्हता. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभे होते, खरी बदकं त्यांच्या मागे लागली होती आणि पोरं बाबांच्या मागे. बाबांना असं हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला एकदम वाटलं, आपण हातातलं वल्हं सोडून तिकडे पोहत जावं. पण मोठी माणसं असं काही करत नाहीत.

संध्याकाळी आवराआवर सुरू झाली. मोठीला अजून एक गोष्ट करायची होती. तळ्याकाठच्या टपरीवर एकटीने बाकावर बसून, पायावर पाय टाकून कॉफी प्यायची होती. तिने कप घेतला. कॉफी कडू होती. तरी तिने ती तळ्याकडे बघत, घोट घोट, चांगला वेळ लावून प्यायली. तिला हाक मारायला कुणी आलं नाही. मोठ्या माणसांच्या मागे कुणी लागत नसतं, हे तिला फार आवडलं.

कप ठेवून ती गाड्यांकडे गेली, तर तिथे गाड्या नव्हत्या.

आधी तिला वाटलं, थट्टा चालली आहे. ती झाडामागे बघून आली. मग सगळा प्रकार तिला लख्ख दिसला. गाडीतली मोठी माणसं म्हणाली असणार, पोरगी व्हॅनमध्ये गेली असेल. आणि व्हॅनमध्ये काका. काका चेहरे बघत नाहीत. रोज गणवेशातली पोरं नेऊन त्यांना सवयच जडली होती. आरशात कापड मोजायचं आणि गाडी सोडायची. यंदा शर्ट सात, आरशात नारिंगी सात. सातवे बाबा!

ती टपरीवरच्या बाईंकडे परत आली. खालचा ओठ तिच्या हुकमात राहिला नव्हता.

"मावशी, माझ्या घरचे गेले."

टपरीवाल्या बाईंनी कप विसळायचं थांबवलं. "काय घातलं होतं त्यांनी?"

"नारिंगी. त्यावर पांढरी बदकं."

"ते होय! अगं, ते तर अख्ख्या तळ्याने पाहिले. तो चिखलातला बुवा तुमचाच का?" बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू मात्र कुठे दिसली नाहीस बाई."

"मी निळ्यात होते," मोठी म्हणाली आणि रडायला लागली. चांगलं भोकाड पसरून, नाक ओढत, अगदी लहान मुलीसारखी रडली. फोन लावावा तर एक नंबर पाठ असेल तर शपथ. आत्याच्या दुकानाचा तेवढा होता, तिच्या पिशव्यांवर वाचून वाचून पाठ झालेला. दुकान बंद होतं.

बाईंनी तिला बाकावर बसवलं आणि हातात बिस्किट दिलं. उजेड उतरत चालला होता. तळं राखाडी झालं, झाडं राखाडी झाली, येणारीजाणारी माणसंही सगळी एका रंगाची दिसायला लागली. आणि मग पार लांब, रस्त्याच्या वळणावर, तिला एक नारिंगी ठिपका दिसला. ठिपका वर-खाली होत होता. तो पळत होता.

"बाबा!" ती बाकावर उभी राहून ओरडली.

व्हॅन वळवायला जागा मिळेना म्हणून बाबा उडी टाकून पळत सुटले होते. एका पायात चप्पल होती, एका पायात नव्हती. ते पोहोचले. मोठी त्यांच्या पोटाला बिलगली आणि तिचं नाक नेमकं एका हसऱ्या बदकावर पुसलं गेलं.

"काका म्हणत होते, मोजणी बरोबर आहे," बाबा धापा टाकत म्हणाले. "मग धाकटीने विचारलं, मोठी कुठंय? मी स्वतःच्या छातीकडे बघितलं आणि..."

"माप मी तुमचं सांगितलं होतं बाबा. मुद्दाम."

"ठाऊक आहे. तुझ्या आत्याने त्याच दिवशी मला फोन केला होता. तीस वर्षं माझे शर्ट शिवतेय ती. तिला माझी छाती कळायची नाही?"

"मग तुम्ही घातलात का?"

बाबांनी तिच्याकडे न बघता चिखलाने भरलेला पाय झटकला. "मी सगळ्यांत धाकटा. मी सहलीला जाण्याएवढा झालो, तोवर ताई आणि बाकीची भावंडं सगळी मोठी झाली होती. एका ताग्यातला शर्ट मला कधी मिळालाच नाही."

एवढ्यात व्हॅन येऊन ठेपली, मागोमाग गाडी. आईने आधी तिला छातीशी धरलं आणि मग एक धपाटा घातला. काका टोपी हातात घेऊन उभे होते. आत्याचे डोळे लाल होते. तिने पिशवीत हात घालून नारिंगी घडी बाहेर काढली.

"हा तुझा. खऱ्या मापाचा. अंदाजानेच बेतलाय, दोन बोटं वाढती धरून. वारा सुटलाय, घाल."

मोठीने तो आईच्या निळ्या शर्टावरच चढवला. बरोब्बर बसला, दोन बोटांसकट.

"पण पुढच्या वर्षीही मी होडीत बसणार," ती बटणं लावत म्हणाली.

"बसशील. शर्ट घालून."

सगळे चढले. काकांनी आरशाकडे मान वळवली.

"थांबा काका," मोठी म्हणाली. "तुम्ही नका. मी मोजते."

ती आधी व्हॅनमधून फिरली, मग उतरून गाडीपाशी गेली, आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजत राहिली. आईच्या, मावशीच्या, दादाच्या, आत्याच्यासुद्धा. दादा म्हणाला, "ए, मला कशाला? मी मोठा आहे."

"म्हणूनच," मोठी म्हणाली. "मोठ्यांना कुणी मोजत नाही."

परत येऊन ती व्हॅनमध्ये बाबांच्या शेजारी बसली, हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि काकांना म्हणाली, "चला."