चोवीस पोरं, एक गादी

माझी नोकरी कायम होणार की नाही, हे चोवीस पोरांच्या उडीवर ठरणार होतं. पोरं चार-पाच वर्षांची. त्यातल्या निम्म्यांना उडी मारायच्या आधी खाली बसून बुटाचे बंद तपासायची सवय.

बालवाडीच्या मोठ्या बाईंनी बारा आठवडे दिले होते. एका वर्गाला रोज अर्धा तास माझा व्यायाम. शेजारच्या वर्गाला काहीच नाही, तुलनेसाठी. तेवढा वेळ त्यांना अंगणात सोडून द्यायचं. त्यांच्यातच माझी भाची, भिंगरी. बिचारी वाया जाणार, असं मी ताईला बोलूनही दाखवलं.

माझा वर्ग मात्र बघत राहावा असा. सरळ रांग, हाताची घडी. शिट्टी वाजली की एकाने गादीवर जायचं, कोलांटी, उडी, परत रांगेत. पालक खिडकीतून बघून खूश.

सुरुवातीला दोन्ही वर्गांच्या उड्या टेपने मोजल्या होत्या, शेवटी पुन्हा मोजल्या. माझी पोरं दोन बोटं पुढे गेली. अंगणातली वीतभर. भिंगरी तर टेपच्या पलीकडे जाऊन आपटली आणि हसत उठली. मी टेप पुन्हा लावून पाहिली.

मग डोक्यात उजेड पडला. अर्धा तास, चोवीस पोरं, गादी एक. प्रत्येकाच्या वाट्याला रोज सव्वा मिनिट व्यायाम. उरलेला वेळ मी त्यांना उभं राहायला शिकवलं होतं. उभी मात्र झकास राहायची.

खोटं लिहायला हात धजेना. आकडे जसेच्या तसे बाईंपुढे ठेवले.

"म्हणजे व्यायाम न घेताच अंगणातली पोरं एवढी लांब उडी मारतात?" बाईंनी चष्मा काढला.

"हो, बाई."

"आणि लक्ष द्यायला कुणी नाही! उद्या पडलं-झडलं तर? ते काही नाही सर, आता दोन्ही वर्ग तुम्हीच घ्या. नोकरी कायम समजा."

तिथेच नाही म्हणायला हवं होतं. मी आभार मानले. त्याची लाज अजून वाटते.

सोमवारी अंगणाच्या दाराला कडी लागली. भिंगरी रांगेत चाळिसावी.

"मामा, आज पळायचं नाही?"

"इथे सर म्हणायचं. पळायचं की. तुझा नंबर आला की."

ती पुढची डोकी मोजायला लागली. तिला वीसपर्यंतच येतं. वीस झाल्यावर तिने हाताची घडी घातली.