कोब्यावरची लंगडी

मी नुकतीच शाळेच्या लंगडी संघाची कॅप्टन झाले होते आणि माझ्याशिवाय जगातलं कुठलंही काम होऊ शकतं, यावर माझा विश्वासच उरला नव्हता! म्हणून अप्पा-अव्वा भाड्यानं घेणार होते ती केबिन बघायलाही मी हट्टानं गेले.

आमची अडचण उखळाची होती. अप्पांची गिरणी बंद पडल्यापासून घर अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, मुसळावर चाललं होतं. ती शेंगांची चटणी कुटून दुकानांना द्यायची. पण घरमालकानं बजावलं, "भिंती हादरतात. अमावस्येपर्यंत कुटणं बंद करा, नाहीतर खोली सोडा."

विजापूर रस्त्याला गुरप्पाकाकांच्या रानाच्या कडेला पत्र्याची जुनी केबिन होती. दुष्काळात रस्त्याचं काम निघालं तेव्हा मुकादमासाठी त्यांनी बांधलेली. खाली काँक्रीटचा कोबा.

"पत्रा जुना हाय, रुद्राणीअक्का. पण कोबा? हत्ती नाचवा की हितं!" काका अव्वाला म्हणाले.

अप्पांनी खूश होऊन सुपारी आणि अडकित्ता काढला. सुपारी फुटली की व्यवहार पक्का. मग अप्पा जीव गेला तरी शब्द मोडणारे नव्हेत.

मला काय, मोकळी जमीन दिसली की पाय उचलतोच. मी लंगडी घालत निघाले. ठक, ठक, ठक... ढब.

मी थांबले. मागे एक उडी. ठक. पुढे. ढब.

"ए पोरी!" काका केवढ्यानं ओरडले. "हो की बाजूला!"

"का? हत्ती चालतो आणि मी नाही?"

"दाक्षायणी, गप," अप्पांनी डोळे वटारले.

गप झाले, पण डोळे उघडे होते. आल्यापासून काका भिंतीला धरून फिरत होते. खिडकी दाखवायची तरी वळसा! त्यांची खाटसुद्धा पार कोपऱ्यात. आणि अव्वा मात्र पदर खोचून नेमकी मधोमध उभी, उखळ कुठं मांडायचं ते बघत.

अप्पांनी सुपारी अडकित्त्यात धरली. शेवटचा गडी उरल्यावर मैदानात घुसते तशी मी अप्पांपुढे आले.

"काका, सुपारी तुम्हीच फोडा की. तिथं मधे उभं राहून."

"पोरगी लई शिकलीय," काका हसले. पाय जागचा हलला नाही.

अव्वा त्यांच्या पायांकडे बघत होती. ती हळूच बाजूला सरकली. "या की, गुरप्पाण्णा."

आता माघार कशी घेणार? अप्पांच्या हातातून अडकित्ता घेऊन ते पुढे आले. अंगानं आडदांड माणूस. एक पाय टाकला. दुसरा टाकला. खालून कर्रर्र आवाज आला आणि कोब्यावर एक फट सळसळत भिंतीपर्यंत गेली. काकांच्या पायाखालचा तुकडा बोटभर खचला.

"हलू नका!" अप्पांनी त्यांचा दंड धरला आणि हिसडा दिला. दोघेही खाटेवर आदळले.

माझी सगळी कॅप्टनगिरी उतरली. त्यांना मधे मीच बोलावलं होतं.

काका खाटेवरूनच बोलले. "पेव हाय खाली. बानं ज्वारी ठेवायला खणलेलं. दुष्काळात रितं झालं. रितं पेव रोज बघवंना, म्हणून फळ्या टाकल्या न् वर कोबा ओतला. वाटलं, जड कोण काय ठेवतंय."

"उखळ ठेवणार म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," अव्वा म्हणाली.

काकांनी अडकित्ता अप्पांच्या हातात परत दिला.

"चला," अप्पा दाराशी गेले. अव्वा हलली नाही. कोब्यावर पडलेली सुपारी तिनं वाकून, लांबूनच उचलली आणि अख्खीच्या अख्खी पदराच्या गाठीला बांधली.

"कोबा फोडा. पेव मुरमानं भरा, धुम्मस मारून घट्ट ठोकून घ्या. अमावस्येच्या आत. मग बघू."

"भरतो अक्का, खरंच भरतो. पण नीट भरलंय हे तुमाला पटायचं कसं?"

अव्वानं माझ्याकडे बघितलं.

"ही लंगडी घालंल की," ती म्हणाली. "पण आधी तुमी."