दोन बोटं माया

धाकटीने शिवलेल्या झग्याचं तिसरं बटण काजाच्या अलीकडेच अडलं, आणि थोरल्या जावेला इतका आनंद झाला की तो लपवायला तिला आरशाकडे पाठ करावी लागली.

"कमरेत बसत नाही, आई," शक्य तितक्या खिन्न आवाजात ती म्हणाली. "बिचारीचं मापच चुकलं."

सासूबाई बेतायच्या मेजाशी बसल्या होत्या. समोर मोठी कात्री होती. घरात आलेल्या प्रत्येक कापडाला आजवर याच कात्रीने पहिला हात लावला होता, पण आता सासूबाईंना खडूची रेघ दिसेनाशी झाली होती. कात्री कुणाला द्यायची याचा निवाडा त्यांनी आपल्या पद्धतीने करायचा ठरवला होता. दोघी सुनांनी एकमेकींसाठी झगा बेतायचा आणि शिवायचा. जिने शिवलेला झगा नीट बसेल तिने यापुढे बेतायचं, दुसरीने मशीन चालवायचं.

थोरलीने शिवलेला झगा घालून धाकटी खिडकीशी उभी होती. तो तिला कसा चापूनचोपून बसला होता.

या धाकटीला सुईत दोरा ओवण्यापासून सगळं थोरलीनेच शिकवलं होतं. आणि आता गिऱ्हाइकं दारातून वाकून विचारायची, "धाकट्या बाई आहेत का?" थोरली तोंडभर हसून "आहेत की" म्हणायची आणि तिच्या पोटात दुखू लागायचं. परवा एकीने थोरलीच्या हातच्या कॉलरचं कौतुक धाकटीपाशी केलं. धाकटी लगेच म्हणाली, "ती ताईंची." त्या भाबडेपणाचा तर थोरलीला सगळ्यात जास्त राग आला.

"काय गं, माप नीट घेतलं नव्हतंस?" सासूबाईंनी विचारलं.

धाकटीने थोरलीकडे पाहिलं, मग गळ्यातल्या टेपशी चाळा करत म्हणाली, "माझंच चुकलं असेल, आई."

थोरली पडद्याआड झगा बदलायला गेली. तिला सगळं आठवत होतं. धाकटीच्या कमरेचा आकडा तिने आधी घेतला होता, आणि आपला त्याहून फार मोठा निघू नये म्हणून टेप फिरताना पोट आत ओढून धरलं होतं. "श्वास सोडा ना, ताई," धाकटी म्हणाली होती. "सोडलाय की," असं ही ठणकावून म्हणाली होती. मग मापाचा दोष कुणाचा? घेणारीचाच. थोरलीने स्वतःची समजूत घातली आणि झगा उलटा केला.

कमरेच्या शिवणीत तिचं बोट थांबलं. आत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया, शिवणीपलीकडचं जादा कापड, सोडलेली होती, इस्त्री करून निगुतीने दुमडलेली. तेवढ्याच भागात टाका लांब होता, एका ओढीत उसवेल असा. आणि शिवणीच्या बाहेर खडूची दुसरी रेघ होती. थोरलीने वितीने मोजलं. श्वास सोडल्यावरची तिची कंबर बरोब्बर त्या रेघेवर येत होती.

झगा हातावर टाकून ती बाहेर आली.

"एवढी माया कशाला सोडलीस?" तिने हळूच विचारलं.

"लागली तर असावी म्हणून."

"मी तर तुला करंगळीएवढीच सांगितली होती. कापड वाया जातं म्हणून."

"तुमचा जुना झगा उसवायला दिला होतात ना, त्यात पाहिलं," धाकटी म्हणाली. "तुम्ही स्वतः दोन बोटं सोडता."

 धाकटीच्या अंगावरच्या झग्यात करंगळीएवढीही माया नव्हती. ती थोरलीने मुद्दामच कापून टाकली होती. आणि ती दुसरी रेघ! असलं आपल्याला सुचलं नसतं, या विचाराने तिच्या पोटात पुन्हा दुखलं.

"घे बाई," सासूबाईंनी कात्री पुढे केली. "ठरल्याप्रमाणे तुझी."

थोरलीचा हात कात्रीच्या मुठीपर्यंत गेला. तिथून वळून त्याने धाकटीच्या गळ्यातली टेप ओढली आणि तिच्याच हातात कोंबली.

"पुन्हा घे माप," थोरली चिडूनच म्हणाली. "आणि आकडा आईंना ऐकू जाईल असा मोठ्याने सांग."

धाकटीने टेप कमरेभोवती फिरवली आणि वाट पाहत थांबली. थोरलीने एकदा मेजावरच्या कात्रीकडे पाहिलं, आणि पोट सोडलं.