फोडणीचं वरण

शीलाने वरणाची वाटी हळूच ताटाबाहेर सरकवली.

"आई, फोडणीचं नको. साधं असंन तर दे."

सीताबाईच्या हातातला डाव तसाच राहिला. जबलपूरहून पोरगी सुट्टीत आली की घरात पाय टाकण्याआधी 'फोडणीचं वरण केलं का?' म्हणून विचारायची. डॉक्टरीच्या चौथ्या वर्षाला गेली तरी ही खोड सुटली नव्हती.

"काहून व? पोट बिघडलं का?"

"नाई. थोडे दिवस सोडली आहे फोडणी."

"डॉक्टर लोकाईचं नवीन काई निंगालं वाटते," असं म्हणत सीताबाई साधं वरण आणायला चुलीकडे वळली.

समोर बसलेल्या पुनारामचा घास मात्र तोंडातच फिरू लागला. गावात माता आली, म्हणजे देवीची साथ आली, की फोडणी बंद करतात, हे या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक; आपल्या घरात ते येईल हे सीताबाईच्या मनातही नव्हतं. दाढी करायची नाही, पायात चप्पल घालायची नाही, दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायचा आणि मातेला चटका बसेल असं काही करायचं नाही. पुनारामने लहानपणी हे सगळं पाळलं होतं. पुढे तो नागपूरला जाऊन बौद्ध झाला, घरातले देव टोपलीत घालून वैनगंगेत सोडून आला आणि या सगळ्याकडे त्याने पाठ फिरवली. आज तेच सगळं पोरीच्या ताटात येऊन बसलं होतं.

तो अर्ध्या जेवणावरून उठला. हात धुताना त्याला चैतरामचं बोलणं आठवलं.

पुनारामचं सायकलचं दुकान बस स्टँडजवळ होतं. लांजीकडचा चैतराम कालच तिथे पंक्चर काढायला आला होता. ट्यूब पाण्यात बुडवून पुनाराम बुडबुडे शोधत असताना तो म्हणाला, "पुनारामभाऊ, तुमची पोरगी आमच्या गावात लय नावाजली. बायाईसंगं मातेची घागर घेऊन चालली होती, अनवाणी. मी आपल्या डोयानं पाह्यलं."

"दुसरी कोणी असंन."

"चष्मेवाली जी! लशीचा टीका लावाले आलती ना कॉलेजची पोरं, त्याईतली. शीलाताई, शीलाताई करत होते समदे."

नुसती शीलाताई, आडनाव नाही. पुनारामला तेच कुसळासारखं टोचलं. चैतरामचं गाव त्याला चांगलं माहीत होतं. त्या गावात गजभिये आडनावावरून जात कळल्यावर पोरीला मातेच्या घागरीला कोण हात लावू देणार? लावू दिला असेल तर तिने आपण कोण हे सांगितलं नसणार. पोरगी देवापुढे वाकली असती तर तो चार दिवस भांडला असता आणि गप्प झाला असता. पण तिने बापाचं नाव लपवलं असेल, तर शिकवून काय मिळवलं?

नावाच्या बाबतीत पुनाराम भलताच हट्टी होता. दुकान टाकलं तेव्हा चार शहाण्या माणसांनी त्याला समजावलं होतं, की पाटीवर 'पुनाराम सायकल स्टोअर्स' एवढंच लिही, आडनाव वाचून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल. त्याने पेंटरला पुढे बसवून 'गजभिये' हे 'पुनाराम'पेक्षा मोठं लिहून घेतलं. गिऱ्हाईक खरंच पुढच्या दुकानात गेलं. मग काही दिवसांनी हळूहळू परत आलं, कारण पुढच्या दुकानातला पंप हवा कमी भरायचा आणि आवाज जास्त करायचा.

एरवी येणाऱ्या-जाणाऱ्याला दहा प्रश्न विचारणारा हा माणूस, पण पोरीला एक प्रश्न विचारायची त्याची हिंमत होईना. ती 'हौ' म्हणाली तर? त्या एका 'हौ'ची त्याला भीती वाटत होती. रात्री तो कूस बदलत राहिला आणि सकाळी न्याहारी न करताच दुकानाकडे निघाला.

"आज पोरीचा सत्कार आहे," सीताबाईने त्याला दारातच अडवलं. "शाळेच्या हॉलमंदी. तुमी काहून तोंड पाडून बसले कालपासून?"

"दुकान आहे मले."

"दुकान काय पळून जाते? धुतलेला सदरा घाला अन् चला."

साथीत खेड्यांत राहून सेवा करणाऱ्या तीन विद्यार्थ्यांचा बालाघाटच्या नागरिकांतर्फे सत्कार होता. शाल-श्रीफळ, हार, वर सेठ भैयालालांचं भाषण. भाताच्या गिरणीचे मालक असल्यामुळे गावातल्या प्रत्येक समारंभाचे अध्यक्ष तेच असत. पुनाराम शेवटच्या बाकावर बसला, दाराच्या अगदी जवळ. सीताबाई पुढे बायकांत जाऊन बसली.

दोन पोरांचे सत्कार झाले. मग शीलाचं नाव आलं. अंगावर शाल पडली तेव्हा ती ओशाळून खाली बघत होती. भैयालाल माइकजवळ गेले.

"इस बेटी की करुणा देखिए! गाँव में चप्पल नहीं पहनी, तड़का नहीं खाया, माता-बहनों के साथ घागर उठाकर मंदिर गई, और पूरी श्रद्धा से मैया की पूजा की!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुनाराम उठला. त्याच्या कानांत काही शिरत नव्हतं. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला असेल नसेल, तेवढ्यात समोरून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"खोटं आहे जी! पूजा नाई केली तिनं!"

पहिल्या रांगेतली एक म्हातारी उभी राहिली होती. तिच्या पदराला धरून सात-आठ वर्षांची एक पोर होती. पोरीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण अजून ताजे होते. भैयालाल गोंधळून म्हणाले, "अम्मा, बैठ जाइए."

"बसाले नाई आली मी. लांजीकडून बशीत उभी राहून आली. जे झालं नाई ते काहून सांगता लोकाईले?"

मैनाबाई नावाच्या त्या म्हातारीला माइकबिइकची गरज नव्हती.

"पहिल्याच दिवशी आली, दारात उभी राह्यली. म्हणे, आजी, मी बालाघाटच्या पुनाराम गजभियेची पोरगी, आमी बौद्ध आहो. तुया नातवाले, नातीले पाहू दे. मी म्हणलं, उंबऱ्यात पाय नको टाकू. बाहीर कडुनिंबाखाली बसून राह्यली मायबाई. मी पाणी नाई इचारलं तिले. माया नातू गेला." तिने पोरीचा हात धरला. "मंग मीच हात धरून आत आणलं. हे पोर तिच्याच हातानं वाचली."

तिने नातीला पुढे ओढलं.

"माता घरात असतानी सुई लावू देत नाई आमच्याकडं. ते म्हणाली, तुमी पाळता ते मी पाळतो, पण बाकीच्या लेकराईले टीका लावू द्या. फोडणी सोडली, चप्पल सोडली. लावू देला मंग समद्याईनं. घागर माही होती. रस्त्यात मले चक्कर आली म्हून तिनं उचलली, अन् देवळाच्या अलीकडं चिंचेपाशी माया डोक्यावर ठेवली. म्हणे, आजी, पुढं तू जाय. माये बाबा देव पुजत नाई, मीबी पुजत नाई. मी इथंच उभी राहतो, तुले परत न्याले. आता सांगा, हे काय पूजा झाली?"

पुनाराम दारातच उभा होता. बाहेरचा पाय त्याने आत घेतला. पोरगी एका अनोळखी दारात उभी राहून त्याचं अख्खं नाव सांगत होती, आणि तो इकडे तिच्यावर रुसून उपाशी उठत होता! त्याला स्वतःचा राग आला आणि हसूही आलं.

कार्यक्रम संपल्यावर तो गर्दीतून वाट काढत पुढे गेला.

"आजी, मी पुनाराम गजभिये."

मैनाबाईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हौ, समजलं. पोरीचं नाक तुयावरच गेलं."

शीला शालीचा बोळा करून जवळ उभी होती. पुनाराम तिला म्हणाला, "मले काहून नाई सांगतलं व हे?"

"तुमी इचारलंच कुठं, बाबा? ताटावरून उठून गेले."

पुनाराम मैनाबाईकडे वळला आणि जरा चाचरत म्हणाला, "बस संध्याकाळची आहे ना जी? घरी चला. दोन घास खाऊन जा."

हार गोळा करणारी माणसं थबकून बघू लागली. लांजीकडची म्हातारी गजभियेच्या घरी जेवणार का, हे त्यांनाही पाहायचं होतं. मैनाबाईने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"वरण करसान का?" तिने सीताबाईला विचारलं. "तुयी पोरगी लय सांगे, आईची फोडणी अशी अन् तशी. मले राग ये. घरात माता, अन् हे फोडणीच्या गोष्टी करे! काल मातेची बोळवण झाली, गावात समद्याईच्या घरी फोडण्या पडल्या. मी नाई देल्ली. म्हणलं, या पोरीनं माया संगं सोडली, तिच्याबिगर कशी देऊ?"

"अन् मी तुयी वाट पाहून राह्यलती, आजी," शीला म्हणाली.

घरी सीताबाईने तेल चांगलं तापवलं. लसूण पडला, लाल मिरच्या पडल्या, आणि जरा जास्तच पडल्या. ठसका सगळ्या घरभर गेला. नात शिंकू लागली, शिंकता शिंकता हसू लागली. शीलाने चष्मा काढला. पुनाराम भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिला, आणि सगळेच पुसत होते म्हणून त्याला कोणी काही विचारलं नाही.

मैनाबाईने पहिला घास घेतला. "नातवालेबी असंच तिखट लागे," ती म्हणाली.

तिने वाटीतलं उरलेलं वरण भुरकून संपवलं. मग तिने रिकामी वाटी सीताबाईपुढे सरकवली.

"वाढ व, अजून."