बरणीत गुरगुरलेले दोन फोन

मी कानडी मुलखात, चामराजपुरमातल्या वेदवतीच्या घरची चिनी मातीची बरणी बोलतेय. शाळा पाहिली नाही, पण तोंड माझं रुंद. साठ वर्षं कैरीचं लोणचं मुरवलं. असं अख्ख्या गल्लीत कुणाला जमलं नाही, उगीच सांगत नाही.

गेल्या वर्षी घरात लोणचं कमी आणि फोन जास्त झाले. वेदवतीनं मला घासलं आणि नियम केला, जेवताना सगळ्यांचे फोन बरणीत. वास मात्र मी सोडला नाही. मुद्दामच. तिच्या नवऱ्यानं, हयग्रीवनं, ऑफिसात फोन कानाला लावला की मोहरी थेट नाकात. हसून माझं झाकण हलतं.

त्या रविवारी धाकटी वर्षिणी भात नुसता चिवडत होती. वय तेरा. तीन दिवस पोट दुखतंय म्हणून घरीच.

"उद्यापण शाळेला जाणार नाही," ती म्हणाली. "कधीच नाही."

तेवढ्यात माझ्या पोटात फोन थरथरला. मीही चांगला घुमवला. परत. परत. दर वेळी दोन फोन एकदम, वर्षिणीचा आणि तिच्या मोठ्या भावाचा, सुयशचा.

वेदवतीचा घास थांबला. "दोघांचे एकदम कसे रे गुरगुरतात?"

"सुम्ने, गप जेव की, आई," सुयश म्हणाला.

"सुम्ने नाही कणो, बाळा. झाकण काढ."

निघाला तो शाळेच्या व्हॅनमधल्या पोरांचा ग्रुप. व्हॅनमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेल्या वर्षिणीचा फोटो, खाली लिहिलेलं, 'डासांचं हॉटेल'. रोज नवा फोटो, खाली हसणारी तोंडं.

"तू रोज बघत होतास?" वर्षिणीनं विचारलं.

"मी काही टाकलं नाही."

"'पुरे' असंपण म्हणाला नाहीस."

सुयशनं आपला फोन ओढून घेतला. मग उष्ट्या हातानंच त्यानं ग्रुपवर लिहिलं, 'ही माझी बहीण आहे. फोटो काढा. उद्या सगळं मॅडमना दाखवणार.' फोन तिच्यापुढे धरला. तिनं दोनदा वाचलं.

"आधी हात धू," ती म्हणाली, आणि भात मागितला.

सोमवारी दोघं व्हॅनमध्ये शेजारी बसून गेली. मॅडमनी पोरांच्या आईबापांना बोलावलं. एक पोरगा अजून फिदीफिदी हसतो म्हणे. त्याचाही फोन एकदा आणा माझ्याकडे.

आता माझ्या काठाचा टवका उडालाय. पण ऐट तीच. फोन ठेवा, बाळांनो, पोटभर जेवा. गुपचूप रडायचं ठरवलं असेल, तर मात्र फोन दुसरीकडे लपवा. माझ्या पोटात काही गप्प राहत नाही.