आवाजाचे बावीस गुण

साताऱ्याच्या परीक्षेत मी इतकं सुरेख इंग्रजी बोलले, की हॉलबाहेर आल्यावर मला स्वतःचाच हेवा वाटला. नऊ दिवसांनी निकाल आला. 'बोलणे' या रकान्यात तीसपैकी पाच.

पाच! मी चिडकी आहे हे आमच्या माधवनगरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी मोबाईल आपटला, पण उशीवर. जमिनीवर आपटण्याइतकी काही मी वेडी नाही. मग उचलून पुन्हा बघितला. पाचच होते.

गोष्ट अशी होती. सांगलीत मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आणि कॅनडातल्या एका विद्यापीठानं मला पुढच्या संशोधनासाठी बोलावलं. कापड रंगवल्यावर वाहून जाणारं पाणी पुन्हा स्वच्छ कसं करायचं, हा माझा विषय. पत्रात एक अट होती. तिथं पदव्युत्तर विद्यार्थ्यांना खालच्या वर्गांची प्रयोगशाळा शिकवावी लागते, म्हणून इंग्रजीच्या परीक्षेत वाचणे, ऐकणे, लिहिणे आणि बोलणे, प्रत्येकात किमान बावीस गुण हवेत. बाकीच्या तिन्हींत मला पंचविसाच्या वर होते. मार्चअखेरपर्यंत नवा निकाल पोचला नाही, तर माझी जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. तेवढ्या दिवसांत एकच परीक्षा बसत होती, बारा मार्चची.

"मशीन बिघडलं असंल तितलं," अम्मी म्हणाली. माझी अम्मी, मेहरुनबी, आमच्या घरातल्या प्रत्येक संकटाचं खापर मशीनवर फोडते.

मलाही तेच वाटत होतं, कारण तो दिवस मला लख्ख आठवत होता. पहाटेची एसटी. आष्ट्याच्या पुढे दोन्ही बाजूंना उसावर धुकं साचलं होतं आणि मी खिडकीला डोकं टेकून, अर्धवट झोपेत, इंग्रजी वाक्यं पुटपुटत होते. साताऱ्याला उतरले तरी ती झोप डोळ्यांतून गेली नव्हती. हॉलमध्ये दहा संगणक, मधे लाकडी आडोसे. कानावर हेडफोन, तोंडापुढे माईक. आधी माईक तपासला, तेव्हा आवाज नीट गेला होता. मग प्रश्न आला: तुम्हाला चांगल्या ठाऊक असलेल्या एखाद्या जागेचं वर्णन करा.

मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी उरलेले नऊ जणही बोलायला लागले. कुणी गावच्या देवळाबद्दल, कुणी पाचगणीच्या शाळेबद्दल. सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळले, चढत गेले, आणि शब्द वेगळे ऐकू येईनासे झाले. वरच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता. त्यात बारीक धूळ तरंगत होती. मी परीक्षेत होते आणि नव्हतेही. मला दिसत होता अब्बा कामाला जातात तो यंत्रमागांचा कारखाना, हवेत उडणारा कापसाचा तूस, आणि आपल्या वाट्याच्या चार मागांच्या मधून शांतपणे फिरणारे अब्बा. मी त्या जागेबद्दल सांगत सुटले. कधी न सुचलेले शब्द सुचत होते. हात आपोआप हलत होते. इतकं हलकं मला इंग्रजीत आधी कधीच वाटलं नव्हतं.

मी परीक्षाकेंद्राला फोन लावला. हॉलवर देखरेख करणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम फोनवर आल्या. मी भांडायच्या तयारीनंच सुरुवात केली, पण बाई फार सौम्य निघाल्या.

"तीन नंबरच्या खुर्चीवर तुम्हीच होता ना? पिवळी ओढणी?"

"हो."

"मला तुम्ही आठवताय. सुरुवातीचं एखादं वाक्य सोडलं, तर तुम्ही बोलतच नव्हता. नुसते ओठ हलत होते, आणि हात. मला वाटलं, दुवा मागताय. मधे बोलायची आम्हाला परवानगी नसते, नाहीतर मी सांगितलं असतं."

फोन ठेवला आणि मी पलंगावर बसून राहिले. आधी हसू आलं. मग इतकं रडू आलं की अम्मी हातातलं काम टाकून धावत आली.

ज्यांनी यंत्रमाग चालताना ऐकले नाहीत, त्यांना हे कळायचं नाही. बत्तीस माग एकदम खडखडायला लागले की माणसाचा आवाज निरुपयोगी होतो. तिथं बोलतात ते ओठांनी आणि हातांनी. घशातून काही काढायचंच नाही. ओठ मात्र मोठे, स्वच्छ हलवायचे. सगळे सगळ्यांचं वाचतात. पलीकडच्या टोकाला उभा असलेला माणूस सासरची भांडणं सांगतो आणि अलीकडचा त्यावर हसतो. मागावर ओरडणारा नवखा तरी असतो नाहीतर उद्धट. मी शाळेतून थेट तिथंच जायचे. डबा तिथं, अभ्यास तिथं. गोंगाट झाला की आवाज मिटवायचा, ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली आहे की ती सवय आहे हेच मला माहीत नव्हतं.

त्यात अब्बांचे कान. बशीर मागवाला म्हणून त्यांना सगळे ओळखतात. तीस वर्षं मागांवर काढल्यावर आता त्यांना काहीच ऐकू येत नाही. घरी आम्ही अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलतो, पण अब्बांशी तेही बिनआवाजी. दहावीचा निकाल, एमएस्सीचा निकाल, कॅनडाचं पत्र, माझ्या आयुष्यातली प्रत्येक मोठी गोष्ट मी अब्बांना आवाजाशिवायच सांगितली आहे. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. कुणाचं, ते सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी माझे ओठ शेवटपर्यंत वाचले.

"म्हंजी आमच्या पायी तुजं गुण गेलं," ते म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, म्हणून तो कधी फार मोठा येतो, कधी अगदी हळू. आता हळू आला.

तसं नाही, अब्बा, असं मी ओठांनी सांगितलं.

"तसंच हाय. उद्या दुपारी मागावर ये."

दुसऱ्या दिवशी गेले. घरी एकटीनं सराव करून उपयोग नव्हता. घरात माझा आवाज सुरळीत निघायचा. दगा गोंगाटात होत होता, तेव्हा गोंगाटातच बोलायला शिकायचं होतं. पण एवढ्या खडखडाटात आवाज निघतोय की नाही, हे मला तरी कसं कळणार? बाकीच्यांना तरी कसं कळणार?

अब्बांनी ते आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यांनी मला पहिल्या मागाजवळ उभं केलं आणि उजव्या हाताची दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली. सुताची गाठ बांधून बांधून ती बोटं गुळगुळीत झाली आहेत. डावा हात मागावर, डोळे धाग्यांवर.

बोल, असं त्यांनी ओठांनी सांगितलं.

मी बोलले. त्यांनी मान हलवली. आलं न्हाई. पुन्हा बोलले. आलं न्हाई. माझी चिडचिड झाली आणि मी किंचाळल्यासारखं एक वाक्य फेकलं, तशी बोटं जरा दाबली गेली.

आता आलं. थांबू नगंस.

मालक आप्पासो टेबलावरून उठून आले. मागावर ओरडणं त्यांना मुळीच खपत नाही. अब्बांनी बिनआवाजीच विनवलं, पोरगी चार दिवस वराडंल, माफी करा. आप्पासोंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तसंच उत्तर दिलं: वराडू दे गड्या, न्हाईतरी हितं कोन ऐकतंय!

मग रोज दुपारी मी बोलत राहिले. बघता बघता दुपारी एकमेकींत विरघळल्या. धागा तुटला की अब्बा जायचे, गाठ मारायचे, परत येऊन बोटं ठेवायचे, आणि मी मधेच तुटलेलं वाक्य पुढे न्यायचे. माझा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण त्यांच्या बोटांखाली तो थरथरतो आहे हे कळायचं. कधी कधी वाटायचं, सगळा कारखाना पाण्याखाली गेलाय आणि आम्ही दोघंच तळाशी उभे आहोत. तूस हळूहळू खाली यायचा, आमच्या केसांवर बसायचा. त्या दुपारी कधी संपूच नयेत असं मला वाटायचं आणि लगेच मार्च आठवायचा.

एकदा मध्येच ते थांबले आणि माझ्या तोंडाकडे निरखून बघायला लागले.

काय झालं?

"इंग्रजी बोलतीस तवा तुजं ओठ वळखू येत न्हाईत," ते म्हणाले. या वेळी आवाजानं म्हणाले. माझ्या अगदी कानाशी होते म्हणून ऐकू आलं. मग हसून त्यांनी पुन्हा बोटं ठेवली.

बारा मार्चला मी पुन्हा साताऱ्याला गेले. तोच हॉल, तेच आडोसे. दहाही जण एकदम सुरू झाले, गोंगाट चढला, आणि उन्हाचा पट्टा पुन्हा आत आला. झोपेसारखं ते सगळं पुन्हा अंगावर यायला लागलं. मी हात गळ्याशी नेला. आवाज बाहेर पडला तो असा की शेजारच्या आडोशावरून एक डोकं वर आलं. प्रियदर्शनी मॅडमनी कपाळाला हात लावला, पण त्या हसत होत्या. प्रश्न काय होता, मी काय बोलले, आता काही आठवत नाही. शब्द मागच्याइतके सुंदर नव्हते, एवढं नक्की.

निकाल एका दुपारी आला. बोलणे: तेवीस.

मी चप्पल न घालता पळाले. कारखान्याच्या दारात पोचले तेव्हा माग जोरात चालू होते. आणि महिनाभर जे शिकले होते ते माझ्याकडून आपसूक झालं. मी जीव खाऊन हाक मारली.

"अब्बाऽ! झालं!"

आप्पासो वळले. दाराजवळ सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका वळल्या. पहिल्या रांगेतले मागवाले वळले, त्यांतल्या एकानं तर माग बंद केला. आतल्या बाजूला अब्बा पाठमोरे उभे होते आणि तुटलेला धागा शोधत होते.

मी तिथंच थांबले. या आवाजावर मी जाणार होते. तिकडे पोरांना याच आवाजात शिकवणार होते, याच आवाजात मला सगळे ओळखणार होते. अब्बांना तो कधीच ऐकू येणार नव्हता. त्यांनी तो बोटांनी माझ्यातून बाहेर काढून दिला होता, दुसऱ्यांसाठी. आनंद होता, खूप होता, पण पाऊल उचलेना.

मग मागांच्या मधून चालत गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. ओठांनी सांगितलं, तेवीस.

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या डोक्यावरचा तूस झटकला, गालाला हात लावला. आधी धाग्याची गाठ पुरी केली, माग सुरू केला, आणि मग माझ्याकडे वळून ओठांनी विचारलं, तिकडनं परत कवा येशील?

लवकर, मी ओठांनीच म्हणाले. कधी, ते मलाही ठाऊक नव्हतं.

अब्बा माझ्या ओठांकडे बघत उभे राहिले. त्यांना वाटलं, मी अजून काहीतरी सांगणार आहे.