पोत्याच्या तळाची ज्वारी

शेवगावच्या बाजारात ज्वारी घेताना गोरक्षनाथ पोत्याच्या तोंडाला कधी भुलले नाहीत. तळापर्यंत हात घालून दाणे काढायचे. म्हणून त्यांची मुलगी सविता हिने वरचं नाव आणि खालची सही दुमडून एक बायोडाटा पुढे केला आणि "दादासाठी स्थळ आलंय," म्हणाली, तेव्हा त्यांनी आधी तांबडा पेन मागितला.

"'स्वयंपाकात निपुण.' कुनी खाल्लंय?" त्यांनी रेघ ओढली. "'मनमिळाऊ', तेबी तीनदा! म्हंजी पोरगी घर फोडनार. आन शिक्षन कुठं हाय? नापास असंल."

"एम.एस्सी. असली तर?"

"मग लिव्हलं नसतं व्हय? लिव्हनारा लई लबाड हाय."

त्यांनी समासात 'माल संशयास्पद' असा शेरा मारला. सविताने दोन्ही घड्या उलगडल्या. वर तिचंच नाव होतं, खाली त्यांनी न वाचताच ठोकलेली सही. संध्याकाळी हाच कागद देवळालीला मुलाकडच्यांना जायचा होता.

गोरक्षनाथ स्वतःच्या सहीकडेही बराच वेळ संशयाने पाहत राहिले.

"'शिवनकामात तरबेज' बी लिव्हलंय. येतं का तुला?"

"नाना, मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

त्यांनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवला.

"बस. तळापासून सांग."